नळजोडणीनंतरचा प्रश्न : ग्रामीण पाणी, स्वच्छता आणि देखरेख

खांदा कॉलनी हा सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेलचा पश्चिमेकडील भाग असून तेथील नळांना येणारे पाणी मुख्यतः पाताळगंगा नदीचे आहे. महाराष्ट्र जीवन प्राधिकरण हे पाणी वायाळ येथे नदीतून उचलते, भोकरपाडा येथील जलशुद्धीकरण केंद्रात गाळून व क्लोरिन देऊन पिण्यायोग्य करते आणि मोठ्या जलवाहिन्यांमधून पनवेलच्या दिशेने पाठवते; तेथून ते सिडकोच्या वितरण व्यवस्थेत आणि अखेर इमारतींच्या भूमिगत टाक्यांत उतरते. पाताळगंगा मे महिन्यातही वाहती असते, कारण तिला विजेचा आधार आहे. १९१५ साली सुरू झालेल्या टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्रासाठी घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण आणि शिरोता येथे तलाव बांधण्यात आले आणि त्या तलावांतील पाणी वीज निर्माण करून झाल्यावर खोपोलीस पाताळगंगेत सोडले जाऊ लागले. इंद्रायणी-भीमेच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी अशा रीतीने सह्याद्रीच्या पश्चिमेला वळले, आणि शंभराहून अधिक वर्षांनंतर त्यातलाच काही भाग खांदा कॉलनीतल्या स्वयंपाकघरांत पोहोचतो.

या लांबलचक मार्गावरील प्रत्येक टप्प्याला कोणीतरी जबाबदार आहे, ही गोष्ट नळ उघडणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. जलवाहिनी फुटली किंवा दुरुस्तीसाठी चोवीस तासांचा शटडाऊन घ्यायचा झाला, तर तो निर्णय कोणी घ्यायचा, आगाऊ सूचना कोणी द्यायची, पंप पुन्हा कोणी चालू करायचे, हे सारे ठरलेले असते आणि त्या कामासाठी पगारी माणसे नेमलेली असतात. पाणी कमी दाबाने येते, उन्हाळ्यात कपात होते, अशा तक्रारी कॉलनीतही असतात आणि त्या खोट्या नाहीत. तरीही तक्रार घेऊन कोणत्या दारात जायचे हे रहिवाशाला माहीत असते. ग्रामीण पाणीपुरवठ्याचा खरा पेच नेमका येथे आहे. विकसनशील देशांत गेल्या पाच दशकांत विहिरी, हातपंप, टाक्या आणि नळ यांवर प्रचंड खर्च झाला, पण बांधलेली गोष्ट पुढे चालू ठेवणारी व्यवस्था त्या प्रमाणात उभी राहिली नाही, आणि जी माहिती गोळा झाली ती बहुधा बांधकामाची झाली, सेवेची झाली नाही.

सेवा म्हणजे काय, हे मोजण्याआधी ठरवावे लागते. माणशी दिवसाला किती लिटर पाणी मिळते, ते जंतू व घातक रसायने यांपासून मुक्त आहे का, ठरलेल्या वेळी येते का, ते आणण्यासाठी किती चालावे लागते, त्यासाठी घराला किती पैसे मोजावे लागतात आणि बिघाड झाल्यास किती दिवसांत दुरुस्ती होते, या सर्वांची मिळून सेवा होते. यांपैकी एकही प्रश्न विहिरीच्या उद्घाटनाच्या दिवशी सुटत नाही. प्रत्येकाचे उत्तर रोज नव्याने मिळवावे लागते. देखरेख याचा अर्थ ही उत्तरे नियमाने नोंदवणे आणि ज्याच्या हातात दुरुस्ती आहे त्याच्यापर्यंत ती वेळेत पोहोचवणे. या दुसऱ्या अर्ध्या भागाचा विसर पडला, की पहिला अर्धा भाग केवळ कागद वाढवतो.

पनवेल तालुक्याचा पूर्वेकडील भाग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. माथेरानच्या डोंगररांगेतून उतरणारी गाढी नदी देहरंग धरणाला पाणी देते आणि ते धरण जुन्या पनवेल शहराच्या उपयोगी पडते. याच डोंगराच्या पायथ्याशी मालडुंगे आणि धोदाणी यांच्या परिसरात ठाकूर व कातकरी समाजांच्या वाड्या आहेत. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे मराठवाड्याच्या कितीतरी पट; तरीही फेब्रुवारी-मार्चनंतर अशा डोंगराळ भागातल्या वाड्यांमध्ये हंड्यांची रांग लागते. याचे कारण दगडात आहे. दख्खनचा काळा बेसाल्ट हा खडक मूळचा सच्छिद्र नाही. त्यात पाणी राहते ते केवळ वरच्या कुजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगा-सांध्यांत. उतार तीव्र आणि समुद्र जवळ असल्यामुळे चार महिन्यांचे पाणी काही तासांत ओढ्यांतून खाडीकडे जाते. जे मुरते तेही उथळ थरातून झऱ्यांच्या रूपाने हिवाळ्यातच बाहेर पडते. त्यामुळे डिसेंबरात काठोकाठ दिसणारी विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. ज्या पाहणीत वर्षातून एकदा, आणि तेही पावसाळ्यानंतर, गावाची नोंद होते, त्या पाहणीला ही टंचाई कधीच दिसत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून राज्यभरातील निरीक्षण विहिरींच्या पातळ्या ठराविक महिन्यांत मोजत आली आहे, त्यामागे हेच शहाणपण आहे : पाण्याची नोंद तारखेसह नसेल तर तिला अर्थ नसतो.

टंचाईसाठी महाराष्ट्राची स्वतःची प्रशासकीय पद्धत आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांचा टंचाई कृती आराखडा जिल्हाधिकारी मंजूर करतात. त्यात विहिरींचे खोलीकरण, खासगी विहिरींचे अधिग्रहण, तात्पुरती नळयोजना, नवीन विंधण विहिरी आणि शेवटी टँकर असे उपाय येतात. टँकरने द्यायचे पाणी माणशी २० लिटर धरले जाते. ही यंत्रणा दुष्काळात माणसे वाचवते, आणि तिचे श्रेय तिला द्यायलाच हवे. परंतु तीच वाडी पाच-सात वर्षे सलग आराखड्यात येत असेल, तर तो आराखडाच त्या वाडीविषयीची सर्वांत विश्वासार्ह देखरेख-नोंद ठरतो. तेथील कायमची योजना कागदावर पूर्ण झालेली असली तरी सेवा झालेली नाही, हे त्यातून उघड होते. टँकरची यादी आणि पूर्ण झालेल्या योजनांची यादी समोरासमोर ठेवण्याचे साधे काम जिल्हा पातळीवर दरवर्षी व्हावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

अंतर आणि अधिकार यांचा संबंध किती विचित्र असू शकतो, याचे उदाहरण शेजारच्या पेण तालुक्यात आहे. हेटवणे धरणाचे पाणी सिडकोच्या नवी मुंबईतील वसाहतींना जाते, तर त्याच तालुक्यातील खारेपाटातील गावांनी पिण्याच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे मागण्या व आंदोलने केली. खारेपाटाच्या जमिनीखालचे पाणी खाडीमुळे मचूळ असल्याने विहीर खणणे हा तेथे उपायच नाही. पाणी जवळ असणे आणि पाण्याची सेवा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हातपंपाचा इतिहास हा सारा विषय समजून घेण्यासाठी फार उपयोगी आहे, आणि त्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९६०च्या दशकात दुष्काळी भागांतील कठीण खडकात वेगाने खोल छिद्रे पाडणारी यंत्रे आली आणि गावोगाव विंधण विहिरी झाल्या. मात्र त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले होते. संपूर्ण गाव दिवसभर उपसा करू लागल्यावर ते काही आठवड्यांत मोडत. जालना आणि सोलापूर येथे विहिरींचे काम करणाऱ्या मिशनशी संबंधित कार्यशाळांनी यावर उपाय शोधला : पोलादी बांधणी, एकच सांधा असलेला दांडा आणि पंपदांडी सरळ रेषेत राहावी म्हणून दांड्याच्या टोकाला लावलेली साखळी. सोलापूर पंप या नावाने ओळखल्या गेलेल्या या रचनेच्या आधारे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी यांच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क २’ हा पंप तयार झाला. भारतीय मानक ठरल्यामुळे त्याचे सुटे भाग कोणत्याही कारखान्याचे असले तरी एकमेकांना बसू लागले. पुढे हा पंप आफ्रिकेतील अनेक देशांत पोहोचला आणि जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या हातपंपांपैकी एक ठरला.

पंप टिकाऊ झाला तरी बंद पंपांचा प्रश्न संपला नाही, आणि खरा धडा येथे मिळाला. मार्क २ चा तळातला वॉशर बदलायचा तर सगळे पाइप वर काढावे लागत, त्यासाठी तिपाई, वजनदार अवजारे आणि तालुक्याहून येणारी गाडी लागे. म्हणून १९८०च्या दशकात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक बँक यांच्या प्रकल्पातून गावपातळीवरच देखभाल करता येईल अशा पंपाची कल्पना पुढे आली आणि कोइमतूर परिसरातील चाचण्यांनंतर वरूनच आतील भाग काढता येणारा ‘मार्क ३’ घडला. तो दशकभराचा काळ संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय पेयजल व स्वच्छता दशक म्हणून जाहीर केला होता (१९८१–९०), आणि त्याच्या अखेरीस जे कळले ते असे, की गावाने देखभाल करावी असे म्हणणे सोपे असते; परंतु सुटे भाग जवळच्या बाजारात मिळत नसतील, पैसे गोळा करणाऱ्याला कोणता कायदेशीर आधार नसेल आणि मोठ्या बिघाडाच्या वेळी मदतीला येणारे कोणी नसेल, तर समिती दोन-तीन वर्षांत विरून जाते. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत २००९ च्या सुमारास एकत्र केलेल्या आकड्यांनुसार कोणत्याही दिवशी सुमारे एक तृतीयांश हातपंप बंद असत. लोकसहभाग हा शब्द जेथे सरकारच्या माघारीचे दुसरे नाव झाला, तेथे तो सर्वाधिक अपयशी ठरला.

महाराष्ट्राने याबाबत बरेच प्रयोग केले आहेत. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००३ मध्ये सुरू झालेल्या जलस्वराज्य प्रकल्पात योजना ग्रामसभेने निवडायची, गावाने खर्चाचा दहावा हिस्सा उचलायचा आणि ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने ती चालवायची अशी रचना होती. त्यात महिलांना निर्णयाचा भाग देण्यावर भर होता. त्याच सुमारास जर्मन साहाय्याने ‘आपलं पाणी’ हा कार्यक्रमही चालला. या प्रकल्पांतून तयार झालेले पुष्कळसे मनुष्यबळ आणि पद्धती पुढे सरकारी यंत्रणेत मुरल्या. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने उद्दिष्टाची भाषाच बदलली : सार्वजनिक स्रोताऐवजी प्रत्येक घरात ‘कार्यरत’ नळजोडणी, आणि कार्यरत याचा अर्थ माणशी दिवसाला ५५ लिटर, भारतीय मानक १०५०० प्रमाणे शुद्ध आणि नियमित पाणी. त्या दिवशी देशातील सुमारे ३.२३ कोटी ग्रामीण घरांतच, म्हणजे जेमतेम सतरा टक्के घरांत, नळ होता. त्यानंतरच्या पाच वर्षांत ही संख्या सुमारे १५ कोटींवर गेली. एवढ्या वेगाने नळ बसवण्याचे दुसरे उदाहरण जगात क्वचितच सापडेल. मात्र केंद्र सरकारनेच २०२२ मध्ये करवून घेतलेल्या पाहणीत प्रमाण, शुद्धता आणि नियमितता या तिन्ही कसोट्यांवर पूर्ण उतरणाऱ्या जोडण्या सुमारे ६२ टक्के निघाल्या. जोडणीचा आकडा आणि सेवेचा आकडा यांत पडणारी ही दरी लपवली गेली नाही, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. ती भरून काढण्याचे काम मात्र नळ बसवणाऱ्या ठेकेदाराचे नाही, आणि नेमके कोणाचे आहे हे ठरवण्यातच बहुतेक राज्यांचा वेळ जातो.

जागतिक पातळीवर हे मोजमाप जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा संयुक्त देखरेख कार्यक्रम १९९० पासून करत आहे. त्याने सेवेची एक शिडी मांडली आहे. असुरक्षित स्रोत सर्वांत खाली. सुरक्षित रचनेचा स्रोत असूनही पाणी आणायला जाऊन-येऊन अर्ध्या तासाहून अधिक लागत असेल तर ती मर्यादित सेवा. अर्ध्या तासाच्या आत असेल तर मूलभूत. आणि घरातच, हवे तेव्हा मिळणारे, जंतू व घातक रसायनांपासून मुक्त पाणी ही सुरक्षितपणे व्यवस्थापित सेवा. या शेवटच्या पायरीवर २०२२ मध्ये जगातील सुमारे २२० कोटी माणसे पोहोचलेली नव्हती. शिडीचा मोठा फायदा असा, की होय-नाही अशा दोनच उत्तरांत अडकलेली नोंद त्यामुळे मोकळी होते आणि गाव पुढे सरकले की मागे घसरले हे कळते. तिची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. देशादेशांची तुलना करण्यासाठी केलेले हे साधन आहे. अमुक वाडीचा पंप गेल्या मंगळवारपासून बंद आहे हे त्यातून कोणालाच समजत नाही, आणि तसे समजावे हा त्याचा हेतूही नाही. राष्ट्राच्या सरासरीसाठी गोळा होणारी माहिती आणि दुरुस्तीसाठी लागणारी माहिती यांचा वेग, बारकावा आणि वाचक वेगवेगळे असतात. या दोहोंची गल्लत झाली, की ग्रामसेवकाला एकच माहिती चार पोर्टलांवर भरावी लागते आणि त्यांपैकी एकही पोर्टल त्याला पान्हा किंवा वॉशर देत नाही.

पाण्याच्या शुद्धतेबाबत महाराष्ट्रात रुजलेली पद्धत या कसोटीवर पुष्कळ सरस आहे आणि तिची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक नेमलेला असतो. सार्वजनिक विहिरीत वा टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे विरंजक चूर्ण, मिसळणे हे त्याचे रोजचे काम. साधारणपणे १,००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम चांगल्या प्रतीची पावडर कालवून, निवळी करून टाकली जाते आणि किमान अर्धा तास थांबून मग पाणी सोडले जाते. क्लोरिन खरोखर उरला आहे का हे ओ.टी. चाचणीने पाहतात : नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झाले तर क्लोरिन आहे, रंग बदलला नाही तर नाही. नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा अशी अपेक्षा असते, कारण फुटक्या वाहिनीतून वाटेत शिरलेले जंतू तोच मारतो. टीसीएलचे पोते उघडे राहिले, दमट जागेत ठेवले गेले, तर त्यातला क्लोरिन उडून जातो आणि पांढरा चुना तेवढा उरतो. कोकणच्या पावसाळ्यात ही बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण साथीचा धोका आणि हवेतला दमटपणा एकाच वेळी वाढतात. म्हणून पावडरचे नमुनेही तपासणीसाठी पाठवले जातात.

यावर वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, आरोग्य विभागाचे कर्मचारी प्रत्येक स्रोताचे स्वच्छता सर्वेक्षण करतात. विहिरीला कठडा आहे का, हातपंपाभोवतीचा ओटा फुटला आहे का, सांडपाणी जवळ साचते का, उकिरडा किंवा शौचालयाचा खड्डा किती अंतरावर आहे, टीसीएलचा साठा आहे का, अशा प्रश्नांच्या उत्तरांवरून जोखीम ठरते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते; अनेक वर्षे हिरवे कार्ड टिकवणाऱ्या आणि साथमुक्त राहिलेल्या गावाला चंदेरी कार्ड मिळते. या पद्धतीचे मोल दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे ती प्रयोगशाळेतल्या अहवालाची वाट न पाहता कारणाकडे बोट दाखवते : फुटका ओटा दिसला तर तो दुरुस्त करायचा, हे कोणालाही कळते. दुसरे म्हणजे कार्डाचा रंग ग्रामस्थाला वाचता येतो. जल जीवन मिशनने प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद केल्यामुळे आता त्या कार्डामागची तपासणी गावात राहणाऱ्या व्यक्तीच्या हाती येऊ शकते. पाणी भरणारी बाईच पाण्याची परीक्षा करू लागली, तर नोंद खोटी लिहिण्याचे कारणच उरत नाही. मात्र त्यासाठी तिला संचातली रसायने मुदत संपण्याआधी नव्याने मिळाली पाहिजेत आणि तिचा वेळ फुकटचा धरला जाता कामा नये.

पैशाचा प्रश्न थोडक्यात सांगता येतो, कारण तो सर्वत्र सारखाच आहे. नळयोजनेचा सर्वांत मोठा नियमित खर्च विजेचा असतो. पाणीपट्टी वसूल झाली नाही की वीजबिल थकते, जोडणी तोडली जाते आणि उत्तम स्थितीतले पंप बंद राहतात. लांबवरून अनेक गावांना पाणी पुरवणाऱ्या प्रादेशिक योजना याच कारणाने वारंवार बंद पडतात, कारण शेवटच्या गावाला पाणी पोहोचत नाही म्हणून ते पट्टी देत नाही आणि पट्टी येत नाही म्हणून पाणी पोहोचत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित केला, त्याने मोठा आधार मिळाला. आदिवासी वाड्यांसाठी एकाच विंधण विहिरीवर हातपंप आणि सौर ऊर्जेचा बुडीत पंप असे दोन्ही बसवण्याची दुहेरी पंपाची पद्धत राज्यात बरीच पसरली आहे. तिच्यात वीजबिलच नसते आणि ऊन नसेल तेव्हा दांडा चालवता येतो. छोट्या वस्तीसाठी याहून योग्य रचना शोधणे कठीण आहे.

स्वच्छतेच्या बाबतीत बांधकाम आणि सेवा यांतले अंतर आणखी रुंद आहे, आणि त्याची जाणीव महाराष्ट्रात फार आधी झाली होती. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैला हाताने उचलण्याची प्रथाच नाहीशी करणारे, मैल्याचे खत बनवणारे साधे शौचालय विकसित केले. इंद्रायणीकाठच्या देहूत १९६० च्या सुमारास प्राथमिक आरोग्य केंद्रावर आलेल्या डॉ. सुहास मापुस्करांनी औषधे देऊन जंत व अतिसार थांबत नाहीत हे पाहून शौचालयांचे काम हाती घेतले. त्यांच्या प्रयत्नातली सुरुवातीची शौचालये पावसाळ्यात ढासळली आणि लोकांचा विश्वास उडाला. तेव्हा त्यांनी आप्पासाहेबांचे मार्गदर्शन घेऊन रचना बदलली, पुढे शौचालयाला जोडलेल्या गोबरगॅस संयंत्रांवर काम केले आणि १९८०च्या सुमारास देहूतील जवळजवळ प्रत्येक घराला शौचालय झाले. कोणत्याही अनुदानाच्या लाटेवाचून, वीस वर्षे एकाच गावात राहून झालेले हे काम आहे. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

राज्याने २००० साली सुरू केलेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, त्यानंतरचा निर्मल ग्राम पुरस्कार आणि २०१४ चे स्वच्छ भारत मिशन या तीन टप्प्यांनी शौचालयांची संख्या झपाट्याने वाढवली. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त घोषित झाला. घोषणेनंतरचा प्रश्न खड्ड्याचा आहे. दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरला की मैला दुसऱ्या खड्ड्यात वळवतात आणि पहिल्यातला मैला वर्ष-दीड वर्षात निरुपद्रवी खत बनतो. ही पद्धत स्वस्त, सुरक्षित आणि मैला हाताळण्याच्या अमानुष कामातून माणसाला सोडवणारी आहे. पण कोकणच्या सखल भागात पावसाळ्यात भूजल जमिनीजवळ येते, खड्डा पाण्याने भरतो आणि विहीर जवळ असेल तर जंतू तिच्यात उतरतात. तेथे खड्डा उथळ घेऊन भोवती भराव करणे आणि विहिरीपासून अंतर राखणे अत्यावश्यक ठरते. ज्यांना ही काळजी परवडत नाही किंवा सांगितली जात नाही, ते मोठी बंद टाकी बांधतात आणि तिचे तोंड गटारात सोडतात. आकडेवारीत अशा घरी शौचालय आहे. सेवेच्या शिडीवर मात्र ते वरच्या पायरीवर बसत नाही, कारण मैला सुरक्षित जागी पोहोचत नाही.

खांदा कॉलनीपासून रेल्वेच्या पूर्वेला गेले, की हा प्रश्न उद्याचा नसून आजचा आहे हे दिसते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा सिडकोच्या वसाहती आणि आसपासची २९ गावे तिच्यात आली. विचुंबे, देवद, उसर्ली, आकुर्ली, पाली देवद ही नवीन पनवेलला लागून असलेली गावे बाहेर राहिली. तेथे आता बहुमजली इमारती उभ्या आहेत आणि त्यांचा कारभार शेतकरी गावासाठी घडवलेल्या ग्रामपंचायतींकडे आहे. जनगणना अशा काही वस्त्यांना गणना-नगर म्हणते, म्हणजे लोकसंख्या, घनता आणि व्यवसाय यांनी शहर, पण नगरपालिका नाही. घरामागे दोन शोषखड्डे ही ग्रामीण योजना तेथे लागू पडत नाही आणि शहरी मलनिःसारण वाहिनीही पोहोचलेली नाही. इमारतीची सेप्टिक टाकी भरली की व्हॅक्यूम टँकर बोलावला जातो. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी दाखवलेला मार्ग अशा गावांना अधिक योग्य आहे : टाकी भरून वाहण्याची वाट न पाहता ठराविक वर्षांनी प्रत्येक टाकी आळीपाळीने उपसायची, खर्च करातून भागवायचा आणि उपसलेला गाळ शुद्धीकरण केंद्रातच उतरला याची नोंद ठेवायची. दोन-चार ग्रामपंचायतींनी मिळून हे करण्यास कायद्याची आडकाठी नाही. अडचण आहे ती पुढाकाराची.

माहिती आणि दुरुस्ती जोडली गेली तर काय होते, याचे एक नेमके उदाहरण केनियातील क्यूसो या भागात मिळते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील हातपंपांच्या दांड्यांत छोटी उपकरणे बसवली, जी दांडा किती वेळा हलला याची माहिती मोबाइलवरून पाठवत. पंप थांबला की ते दुरुस्ती करणाऱ्या तुकडीला कळे, आणि त्या तुकडीचा मोबदला वेगाने दुरुस्ती करण्याशी जोडलेला होता. २०१३ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुरुस्तीस लागणारा सरासरी काळ सुमारे २७ दिवसांवरून तीन दिवसांच्या आत आला. त्याच दशकात होंडुरास, निकाराग्वा आणि पनामा या देशांनी ग्रामीण योजनांची एकत्रित माहिती-यंत्रणा उभारली आणि प्रत्येक योजनेला क्रमवार श्रेणी देऊन कोणत्या योजनेला गावाबाहेरची मदत लागेल हे ठरवले. उपकरणे येथे दुय्यम आहेत. क्यूसोत बातमी मिळणारा माणूस आणि पान्हा घेऊन निघणारा माणूस एकच होता, हे तेथील यशाचे मूळ आहे.

रायगडातील एखाद्या वाडीसाठी याचे रूप फारसे खर्चिक असणार नाही. जलसुरक्षकाने पाणी न आलेले दिवस आणि ओ.टी. चाचणीत क्लोरिन न मिळालेले दिवस एका वहीत तारखेने लिहावेत. ग्रामसेवकाने ते दर महिन्याच्या सभेत पाणीपट्टीच्या थकबाकीसोबतच वाचावेत. ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती वरच्या मंजुरीशिवाय करण्याची मुभा सरपंचाला असावी. आणि सलग काही दिवस योजना बंद राहिली, तर ती नोंद आपोआप जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागातील अभियंत्याच्या टेबलावर जाऊन तिचे उत्तर मुदतीत देणे त्याच्यावर बंधनकारक असावे. वही, सभा, निधी आणि अभियंता हे चारही आज अस्तित्वात आहेत. खांदा कॉलनीत पाणी थांबले तर त्याची सूचना आदल्या दिवशी मिळते. धोदाणीच्या वाडीत ते थांबल्यावर निदान दुसऱ्या दिवशी कोणाला तरी उत्तर द्यावे लागेल, एवढी तरतूद या चौघांना जोडून करता येते.